आमची हजेरी घेणारी खोली काढून घेऊ नका : महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

विषय : उद्यानालगतच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्राची जागा रिकामी करण्याची नोटीस मागे घेण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मालमत्ता विभागाने गेल्या आठवड्यात आमच्या केंद्राच्या दारावर नोटीस डकवली. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या दराने भाडं आणि मागचा फरक भरा, नाहीतर पंधरा दिवसांत जागेचा ताबा द्या, त्यानंतर निविदा काढून जागा भाड्याने दिली जाईल, असं तिच्यात म्हटलं आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या पदाधिकाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रभाग कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. मुदत संपत आली आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ते आपल्यासाठी आहे आणि ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्या सगळ्यांसाठीही आहे.

मी याच महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होते. लसीकरण, बाळंतिणी, साथीचे दिवस, सगळी नोकरी या शहरातच झाली. आता सत्तरी ओलांडली. यजमान गेल्यापासून एकटी राहते. मुलगी बंगळुरूला असते, जावई आणि नातवंडं मायेची आहेत, रोज रात्री फोन येतो. मला कुणी टाकलेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण म्हाताऱ्यांचा विषय निघाला की मुलांनी वाऱ्यावर सोडलेल्या आईबापांचंच चित्र डोळ्यांपुढे येतं, दोष संस्कारांना दिला जातो आणि प्रशासनाला त्यात करण्यासारखं काही उरत नाही. आमच्या केंद्रातल्या बहुतेकांची मुलं चांगली आहेत. पण चांगली मुलंही सकाळी आठला घर सोडतात आणि रात्री आठला परततात. मधल्या बारा तासांत घरात जे माणूस असतं, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे.

नोटिशीत जागेचं क्षेत्रफळ आहे, दर आहे, फरकाची रक्कम आहे. त्या खोलीत रोज काय होतं याची एकही ओळ नाही. ती मी लिहिते.

पत्र्याच्या छपराची एक खोली. पुढे ओटा. आत दोन कपाटं, कॅरम, वर्तमानपत्रं आणि भिंतीवर फळा. फळ्यावर डाव्या बाजूला महिन्याचे वाढदिवस, उजव्या बाजूला कोण दवाखान्यात आहे त्याचं नाव आणि वॉर्ड. सकाळी फिरून आलेली पुरुष मंडळी बसतात. दुपारी तीन ते पाच बायकांची वेळ. गुरुवारी मी रक्तदाब तपासते. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यांची गडबड असते. बोटाचे ठसे पुसट झालेल्यांना मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला कसा काढायचा हे कॉलेजची दोन मुलं येऊन शिकवतात.

आणि दाराशी टेबलावर हजेरीची वही असते. आल्या आल्या सही करायची. परगावी जाणार असलात तर आधी नावापुढे ‘गावी’ लिहून जायचं. ज्याची सही नाही आणि ‘गावी’ही लिहिलेलं नाही, त्याला दुपारी फोन जातो. फोन उचलला नाही, तर दिवेलागणीच्या आत दोघंजण त्याच्या घरी जातात. हा नियम कुणी अधिकाऱ्याने घालून दिलेला नाही. आमच्यातल्या एका बाईंचा मृत्यू तीन दिवसांनी कळला होता, त्यानंतर सगळ्यांनी बसून तो ठरवला.

या वहीने काय केलं ते एकाच माणसाच्या बाबतीत सांगते. एसटीत चालक असलेले एक काका आमचे सभासद आहेत. एकटे राहतात. मुलगा परगावी, त्याचा फोन रविवारी यायचा. एका मंगळवारी त्यांची सही नव्हती. फोन वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी दोघंजण गेले तर दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली, खाली पेपर. हाका मारल्या तेव्हा आतून कण्हल्याचा आवाज आला. शेजारचा मुलगा गॅलरीतून आत उतरला. काका पहाटे न्हाणीघरात घसरले होते आणि खुब्याचं हाड मोडून तिथेच पडून होते. मी परिचारिका म्हणून सांगते, असं माणूस फरशीवर तासन्‌तास पडून राहिलं की अंगातलं पाणी कमी होतं, दाबल्या गेलेल्या स्नायूंना इजा होते, त्याचा मार मूत्रपिंडांवर बसतो, पाठीला जखमा व्हायला लागतात. मोडलेलं हाड जोडता येतं. पडून राहण्याने जे होतं ते निस्तरणं फार कठीण जातं. काकांना त्या रात्री रुग्णालयात नेलं, शस्त्रक्रिया झाली, ते बरे झाले. आता वॉकर घेऊन येतात आणि ती वही तेच सांभाळतात.

पुढच्या रविवारपर्यंत त्यांची आठवण कुणाला झाली नसती. त्यात मुलाचा दोष नाही. रोज ठरावीक वेळी वाट पाहणारी माणसं आणि ती जमण्याची ठरावीक जागा असली तरच असा न आलेला माणूस लक्षात येतो. ही जागा गेली तर माणसं इकडे तिकडे बसतील, गप्पाही मारतील कदाचित, पण कोण आलं नाही हे कुणाला कळणार नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि पुढे जे लिहिते ते याच्याच आधारासाठी.

आपण प्रशासनात आहात, आपल्याला पुरावा लागतो, तो लागायलाच हवा. २०१० साली अमेरिकी संशोधक ज्युलिअॅन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी झालेले १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांची नाती आणि ओळखीपाळखी घट्ट होत्या, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जगण्याची शक्यता इतरांच्या दीडपट निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांवर आयोग नेमला आणि २०२५ मध्ये त्याचा अहवाल आला. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असं त्यात म्हटलं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं यांच्या रांगेत माणसांपासून तुटणंही आहे. ही सगळी कारणं आवरली तर जगातला जवळजवळ निम्मा स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असं त्या आयोगाचं म्हणणं आहे.

ऐकू न येण्याने माणूस तुटत कसं जातं, हे मला केंद्रात समोर बसून कळलं. लातूर जिल्ह्यातल्या एका गावाहून एक आजी मुलाकडे राहायला आल्या. अकराव्या मजल्यावरचं घर. सून त्यांना घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “ताई, आईंना विसरायला होतंय, बोललेलं काही लक्षात राहत नाही.” आजी कोपऱ्यात बसायच्या, सगळे हसले की हसायच्या, कुणी काही विचारलं की मान हलवायच्या. एकदा मी त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून, तोंडाकडे बघत, सावकाश बोलले. गावाचं नाव, विहिरीवरची मोट, सासऱ्यांचं नाव, किती सालचा दुष्काळ, सगळं धडाधड सांगितलं त्यांनी! विसरणं नव्हतंच. डाव्या कानाने जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं आणि उजव्या कानात मळ साचला होता. घरात टीव्ही, मिक्सर, मुलांचा गलका. चार माणसांत काय बोलणं चाललं आहे ते कळत नाही म्हणून त्यांनी बोलणंच सोडून दिलं होतं. तपासणी झाली, श्रवणयंत्र बसलं. आता श्रावणात आमच्याकडे जात्यावरच्या ओव्या होतात, त्या आजीच म्हणतात आणि बाकीच्या मागून ओढतात. त्यांना पाठ असलेल्या ओव्या अजून संपलेल्या नाहीत.

हे त्यांच्या घरी का कळलं नाही, असा प्रश्न पडेल. घरातली माणसं कामाचं बोलतात. जेवलात का, गोळी घेतली का, दार लावून घ्या. अशा बोलण्याला मान हलवली की चालतं. समवयस्क माणूस समोर असेल तरच लांबलचक बोलणं होतं, आणि लांबलचक बोलणं झालं तरच माणसाचं काय बिनसलं आहे ते दिसतं.

बायकांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जागा गेली तर सर्वांत मोठा फटका त्यांना बसणार आहे. पुरुषांना कट्टा मिळतो, देवळाचा पार मिळतो, चहाच्या टपरीवर उभं राहता येतं. साठीच्या पुढच्या बाईने रस्त्यावर नुसतं बसून राहिलेलं आपल्याकडे अजून चालत नाही. ती भाजीला जाते, देवळात जाते, नातवाला शाळेतून आणते. कामाशिवाय घराबाहेर पडायला तिला जागा नाही. त्यात नवरा आधी जातो हे बहुतेक घरांत घडतं. मग सणावारी बोलावणी कमी होतात. आमच्या केंद्रात संक्रांतीला तिळगूळ सगळ्यांना, वाण सगळ्यांना आणि कुंकवाचं बोट सगळ्यांच्या कपाळाला, असं ठरलं त्या वर्षी एक बाई वाणाची वाटी हातात धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. यजमान गेल्यावर चौदा वर्षांत त्यांच्या हातावर कुणी वाण ठेवलं नव्हतं. असं काही एखाद्याच्या दिवाणखान्यात घडवायचं तर घरच्यांची परवानगी लागते. सार्वजनिक खोलीत ते घडलं, कारण ती कुणा एकाच्या घरची नव्हती.

शहरही बदललं आहे. आमच्या भागातल्या चाळी आणि वाडे गेले, तिथे मनोरे उभे राहिले. नवीन घरांत पाणी आहे, संडास आतमध्ये आहे, लिफ्ट आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. चाळीतले हाल मी पाहिलेले आहेत. पण चाळीत दार दिवसभर उघडं असायचं आणि समोरची बाई जाता येता आत डोकावायची. आता दार बंद, खाली रखवालदार, दाराला कॅमेरा. घरात सुरक्षित असलेलं म्हातारं माणूस दिवसभर कुणाच्या नजरेला पडत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहेत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली, तीत साधारण सहा टक्के ज्येष्ठ एकटे राहत असल्याचं दिसलं. लातूरच्या आजी या सहा टक्क्यांत येत नाहीत. मुलगा, सून, दोन नातवंडं असलेल्या घरात राहूनही त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाशीही बोलत नव्हत्या, आणि असे किती असतील ते कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही.

आता तक्रारी.

पहिली, आम्हाला विचारलं नाही. एक अधिकारी येऊन गेले, टेपने जागा मोजली आणि निघाले. हजेरीची वही टेबलावरच होती, ती त्यांनी उघडूनही पाहिली नाही. जागा वापरात आहे की पडून आहे, किती जण येतात, कोणत्या वेळी येतात, यातलं काही न विचारता तिचा दर ठरवला गेला.

दुसरी, पर्यायी जागेची. समाजमंदिराच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल आठवड्यातून दोन दिवस, आरक्षण करून मिळू शकेल, असं तोंडी सांगण्यात आलं. त्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे आणि तोही अर्ध्यावर तुटला आहे. मध्ये चौपदरी रस्ता आहे, तिथला पादचाऱ्यांचा सिग्नल वीस सेकंदांत लाल होतो. काठी घेऊन चालणारं माणूस तेवढ्यात दुभाजकापर्यंतही पोचत नाही. आणि आठवड्यातून दोन दिवस म्हणजे सोमवारी पडलेलं माणूस गुरुवारी लक्षात येणार. संसर्गावरचं इंजेक्शन दिवसाआड चुकवलं तर त्याचा उपयोग होत नाही. रोजच्या भेटीचंही तसंच आहे.

तिसरी तक्रार भाड्याची. दुकानाच्या गाळ्याला जो दर, तो आमच्या खोलीला लावला आहे. सभासद वर्गणीतून वीज, पेपर, झाडणाऱ्या बाईंचा पगार आणि पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्यांची डागडुजी होते. सभासदांत अनेक जण दरमहा पंधराशे रुपयांच्या श्रावणबाळ योजनेवर जगणारे आहेत. फुकट काही नको, नाममात्र भाडं आम्ही आजवर देत आलो आहोत. पण महापालिका बागेतल्या झाडांकडून भाडं मागत नाही, कारण त्यांच्या सावलीचा उपयोग तिला कळतो. या खोलीचा उपयोगही हिशेबात धरावा. एका खुब्याच्या शस्त्रक्रियेचा, महिनाभर खाटेवर पडलेल्या एका रुग्णाचा सार्वजनिक रुग्णालयाला काय खर्च येतो, ते आपल्याच आरोग्य विभागाला विचारावं.

चौथी, उद्यानाची वेळ. सकाळी दहा ते दुपारी चार उद्यानाचं फाटक बंद असतं, आणि केंद्राकडे यायची वाट उद्यानातूनच आहे. बायका तीनला येतात तेव्हा त्यांना मागच्या बाजूने, कचराकुंडीशेजारच्या चिंचोळ्या वाटेने यावं लागतं. तिथेच गेल्या पावसाळ्यात एकीने घसरून मनगट मोडून घेतलं.

पाचवी, स्वच्छतागृह. उद्यानातल्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे आहे हे कळत नाही. हा विषय लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते. या वयात लघवीला वारंवार जावं लागतं. जवळ सोय नसेल तर माणूस घराबाहेर पडायचं टाळतं किंवा पाणी पिणं कमी करतं. बायका सकाळपासून पाणी न पिता केंद्रात येतात, हे मी रक्तदाब तपासताना त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. उन्हाळ्यात त्यांतल्या दोघींना चक्कर आली. एका कुलपामुळे माणूस आजारी पडतं, हे मी दवाखान्यातल्या नोकरीत शिकले नव्हते, इथे शिकले.

शासनाने ज्येष्ठांसाठी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. त्यात पोटगी मागता येते, फसवून घेतलेली मालमत्ता परत मिळवता येते, जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रमांची तरतूद आहे. १४५६७ ही मदतवाहिनी आहे. २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत गरजूंना एकदा तीन हजार रुपये मिळतात, चष्मा आणि काठी त्यातून येते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. त्या एका निर्णयाने कितीतरी जणी माहेरच्या गावी जाऊन भावाला भेटून आल्या. त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. याच्या उलट मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची सवलत थांबवली, पुरुषांना चाळीस टक्के आणि बायकांना पन्नास टक्के असायची ती, आणि ती अजून परत आलेली नाही. रेल्वे आपल्या अखत्यारीत नाही हे मला ठाऊक आहे. ते इथे लिहिलं, कारण सवलत गेल्यावर आमच्यातल्या काहींचं बहिणीकडे जाणं थांबलं. तिकिटाचे पैसे वाचले, बहीण दुरावली.

या योजनांतून पैसा मिळतो, औषध मिळतं, न्यायही मिळू शकतो. सोबत यांतल्या कुठल्याच योजनेतून मिळत नाही. ती रोज जाता येईल अशा, घरापासून पायी अंतरावरच्या जागेतूनच मिळते, आणि अशी जागा देणं राज्य किंवा केंद्र सरकारपेक्षा महापालिकेच्याच हातात आहे.

दर वर्षी १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, नाट्यगृहात आमचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, भाषणं, अल्पोपाहार. निमंत्रणाबद्दल आम्ही आभारी आहोत. पण माझ्या कपाटात शाली पुष्कळ झाल्या आहेत. त्या कार्यक्रमाचा खर्च केंद्राचे पत्रे बदलायला दिला तर सगळे सभासद हात जोडतील.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या बाजूच्या उणिवाही झाकून ठेवणार नाही. अनेक केंद्रांत पत्त्यांचा एक अड्डा सगळी जागा अडवतो आणि नवीन माणूस दारातून परत जातो. पदांवर त्याच त्या निवृत्त अधिकाऱ्यांची वर्षानुवर्षं वर्णी लागते. आमच्या भागात म्हातारे रिक्षाचालक आहेत, साठीनंतरही चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी आहेत, भाजीच्या गाडीवर बसणाऱ्या आजी आहेत. त्यांतल्या फार थोड्या आमच्याकडे येतात. वेळ नसतो हे एक, पण इथे आपल्याला कोण विचारणार असंही त्यांना वाटतं. याचं उत्तर जागा काढून घेणं हे नाही. जागा देताना महापालिकेने अटी घालाव्यात : सभासदत्व सर्वांना खुलं, ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांना ती माफ, बायकांसाठी राखीव वेळ, कार्यकारिणीत निम्म्या बायका, पदाची मुदत ठरलेली. अशा अटींचं मी स्वतः स्वागत करीन, आणि आमच्या सभेत या ठरावाच्या बाजूने उभी राहीन.

मागण्या अशा आहेत.

ताबा घेण्याची नोटीस मागे घ्यावी, आणि या जागेबाबत निर्णय होईपर्यंत निविदा काढू नये.

केंद्राची जागा नाममात्र भाड्याने, किमान दहा वर्षांच्या कराराने द्यावी. दर वर्षी मुदतवाढीसाठी प्रभाग कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागू नयेत.

उद्यानाचं फाटक दुपारी केंद्राकडे येणाऱ्यांसाठी उघडं ठेवावं आणि स्वच्छतागृहाचं कुलूप काढावं. आत धरायला एक दांडा आणि एक कमोड बसवावा. या गोष्टींना निविदेचीही गरज नाही, कनिष्ठ अभियंत्यांना एक आदेश दिला तरी होतील.

दवाखान्यातली परिचारिका पंधरवड्यातून एकदा केंद्रात पाठवावी. रक्तदाब, साखर, कान, डोळे यांची तपासणी तिथेच व्हावी. मी गुरुवारी करते ते माझ्या हातापायांत बळ आहे तोवर चालेल, माझ्यानंतर काय?

चौपदरी रस्त्यावरच्या सिग्नलची वेळ वाढवावी.

आणि शेवटची मागणी पूर्ण शहरासाठी. प्रत्येक प्रभागात तळमजल्यावर, घरापासून चालत जाता येईल अशी एक तरी जागा ज्येष्ठांना मिळावी. पुनर्विकासाच्या प्रकल्पांतून महापालिकेच्या ताब्यात ज्या सुविधा जागा येतात, त्यांतली एखादी यासाठी राखावी. जिथे संघ नाही तिथे समाजविकास विभागाने पुढाकार घेऊन माणसं जमवावीत, आणि हजेरीची वही ठेवायला पहिल्या दिवसापासून सांगावं.

या शहरातल्या तरुण वाचकांनाही एक सांगायचं आहे. आपल्या घरातल्या माणसाला अशा केंद्रात पहिल्यांदा नेऊन सोडा. एकटं जायला संकोच वाटतो, तो तुम्ही बरोबर असलात की जातो. पहिल्या दिवशी ते म्हणतील, मला नाही जमायचं. दुसऱ्यांदा न्या. लातूरच्या आजींच्या सुनेने तेच केलं.

महोदय, संघाचं शिष्टमंडळ आपल्याला भेटू इच्छितं. शक्य असेल तर आपण केंद्रात यावं. सकाळी साडेआठला बहुतेक सभासद असतात, दुपारी तीनला बायका असतात, दोन्ही वेळा पाहिल्या तर उत्तम. आपल्याला येणं जमणार नसेल तर आम्ही मुख्यालयात येऊ. फक्त भेट तळमजल्यावर ठेवावी, ही विनंती. वही सांभाळणाऱ्या काकांना बरोबर आणायचं आहे आणि त्यांना जिना चढता येत नाही.

आपली नम्र,
महापालिकेच्या सेवेतून निवृत्त झालेली एक परिचारिका,
सभासद, ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र